लेझरवाले आणि तारवाले

वाढलेली प्रोस्टेट लेझरनं काढावी की जुन्या पद्धतीनं विजेच्या तारेनं खरवडावी, यावरून दोन बड्या सर्जनांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. दरवर्षी परिषदेत लेझरवाले डॉक्टर पडद्यावर आलेखांमागून आलेख दाखवायचे आणि तारवाले डॉक्टर पहिल्या रांगेत बसून मोठ्यानं जांभया द्यायचे.

एके संध्याकाळी लेझरवाले गुपचूप तारवाल्यांच्या दवाखान्यात आले. खुर्चीत टेकले न टेकले तोच बाथरूमकडे पळाले आणि बऱ्याच वेळानं तोंड पाडून परत आले.

"गोळ्यांनी भागत नाही आता. ऑपरेशन तुम्हीच करा. पण तारेनं."

"का हो? तारेला बैलगाडी म्हणायचात ना?"

"लेझरचे ते आलेख मीच रंगवलेत. माझ्याइतकं कुणाला ठाऊक?" लेझरवाले जमिनीकडे बघत म्हणाले. "कुठे बोलू नका म्हणजे झालं."

तारवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी उठून दाराला कडी लावली.

 

"आधी नाही का सांगायचं? ते आलेख बघूनच मी माझी प्रोस्टेट गेल्या वर्षी परगावी जाऊन लेझरनं काढून घेतली."