कोठडीचं दार

आता युद्धस्मारक झालेल्या तळघरात सुनेच्या मामाला कोंडलं होतं. तो जिवंत वर आलाच नाही. ती पहिल्यांदाच त्याची कोठडी बघायला आली, सोबत सासरे. त्यांनी युद्धाची वर्षं म्हणे दूरच्या छावणीत बटाटे सोलण्यात काढली. दुसऱ्याचं काम मात्र त्यांच्या पसंतीस कधीच उतरायचं नाही. कोठडीचं लोखंडी दार उघडेना. गाइड ओढून ओढून घामाघूम झाला. “काय रे, जेवून नाही आलास?” म्हणत सासऱ्यांनी त्याला बाजूला सारलं, दार खांद्याने वर उचललं आणि अलगद ओढलं. “आधी उचलायचं, मग ओढायचं. हे पहिल्यापासून असंच अडकतं.” गाइड हसला. सून हसली नाही. सासऱ्यांचा हात कडीवरच राहिला. “अगं, जुनी दारं सगळी सारखीच,” ते म्हणाले. “चल, दाखवतो.” “बाहेरच थांबा, बाबा. मामाला तुम्ही आत नेलंत. माझी मी जाईन.”