वास उडेपर्यंत

मुथेऊने काळ्या प्लास्टिकचं टोक उचललं आणि खड्ड्यातून असा भपकारा आला की तिच्याच डोळ्यांना धार लागली.

"मुतारी उघडल्यासारखं वाटतंय!" तिचा दीर मुसेम्बी शर्ट नाकाला लावून मागे सरला. "आणि हे तुम्ही गाईला घालणार, वहिनी?"

"आत्ता नाही. आत्ता घातलं तर मरेल. वास उडाला की घालायचं."

"ऐकलंस ना, आई? मरेल म्हणते!"

म्हातारी काम्बुआ मुकाऊच्या झाडाखाली चवळी सोलत होती. तिने पुढची शेंग उचलली. गाभण गाय कुंपणाशी बसली होती. सकाळपासून उठलीच नव्हती. पाऊस न झाल्याने कितुईच्या त्या भागातलं गवत कधीच संपलं होतं. उरला होता तो मक्याचा कडबा, लाकडासारखा कडक. गाय हुंगून तोंड फिरवायची. तोच मऊ व्हावा म्हणून मुथेऊने तीन आठवड्यांपूर्वी बारीक तोडून, युरियाचं पाणी शिंपडून, पायांनी तुडवून खड्ड्यात झाकला होता.

"दुपारी खाटकाचा ट्रक येतोय," मुसेम्बी म्हणाला. "जिवंत आहे तोवर देऊन टाका. उद्या नुसतं कातडं उरेल."

"देणार नाही."

"मोम्बासाहून दादा विचारेल, तेव्हा?"

"मी आहे ना सांगायला. वासरू होती तेव्हापासून मी वाढवलीय तिला."

ती कडबा उपसून पसरू लागली. आत घालताना हाताला ओरखडे काढणारी काडी आता बोटाभोवती गुंडाळली जात होती. रंगही मधासारखा झाला होता.

ट्रक आला. फाट्यावर थांबून त्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. मुसेम्बीने आईकडे पाहिलं. काम्बुआने मान वर केली नाही. ट्रक धुरळा उडवत निघून गेला.

ऊन उतरल्यावर मुथेऊने मूठभर कडबा नाकाशी धरला, मान हलवली आणि गाईपुढे ठेवला. गाईने हुंगलं. तोंड फिरवलं.

"बघा, मी सांगत—"

"गप रे!" काम्बुआ म्हणाली.

मुथेऊ उकिडवी बसली. कडब्यावर मीठ चोळून तिने एक काडी गाईच्या ओठांत सरकवली. गाय ती तशीच धरून राहिली. मग जबडा हलला. थांबला. पुन्हा हलला. मान लांबवून पुढची काडी तिने स्वतःच ओढली.

म्हातारीने चवळीचं टोपलं बाजूला ठेवलं आणि अंगावरच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसले. वास तर केव्हाच उडाला होता.

गाय उठून उभी राहिली त्या दिवशी मुसेम्बी खांद्यावर फावडं टाकून आला. बराच वेळ कुंपणाचा खांब हलवून पाहत राहिला.

"माझ्याही शेतात कडबा पडलाय," तो शेवटी म्हणाला. "खड्डा केवढा खोल घ्यायचा, वहिनी?"

मुथेऊने गाईपुढे आणखी एक पाटी रिकामी केली.

"आत उभं राहून तुम्ही बोललात, भावजी, तरी वर ऐकू येणार नाही एवढा."