बाबांचं कौतुक

माझी बहीण ग्लेनिस सत्याहत्तर साली डोक्यावर केसांचा हिरवा तुरा उभारून पंक बँडमध्ये गायला लागली आणि बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी लंडनच्या एका क्लबात तिचा कार्यक्रम लागला, तेव्हा मी आई-बाबांना ओढत नेलं.

पहिल्याच गाण्याला समोरची पोरं तिच्यावर पचापचा थुंकायला लागली. आई रुमाल घेऊन थेट स्टेजवर चढली.

"मेल्यांनो, माझ्या पोरीवर थुंकता?"

"आई, उतर गं खाली!" ग्लेनिस माइकवरूनच ओरडली. "आवडलं की थुंकतात आमच्यात! नाही थुंकले तर समजायचं, कार्यक्रम पडला."

बाबा हाताची घडी घालून शेवटपर्यंत ढिम्म उभे होते. रात्री ग्लेनिसही आमच्याबरोबर घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिस दौऱ्यावर निघाली, तर बाबा चहा तसाच टाकून तिच्यामागे दारापर्यंत गेले. शेजारच्या प्लमट्रीबाई दुधाची बाटली उचलून आत जाईपर्यंत थांबले. मग त्यांनी घसा खाकरला आणि ते लेकीच्या बुटावर नेमके थुंकले.



तो बूट ग्लेनिस अजून कुणाला पुसू देत नाही.