पिठाची करंगळी

कियोतोच्या स्टुडिओत सिनेमाचं शूटिंग चालू होतं. जुन्या काळातली गणिका झालेली मी, प्रेमाची खूण म्हणून करंगळी कापून प्रियकराला पाठवणार होते. त्यासाठी केलेली तांदळाच्या पिठाची करंगळी इतकी हुबेहूब जमली होती की हात लावायलाही शिसारी येत होती. “अगं बाई, खरी कोण कापतंय!” जुने रीतिरिवाज सांगायला बोलावलेल्या ओतोयोआजी म्हणाल्या. त्यांचं तरुणपण गणिकांच्याच वस्तीत गेलेलं. “आम्ही पिठाचीच पाठवायचो. एकेकीचे दहा-दहा यार. बोटं पुरली असती का?” सगळा सेट खिदळला. हसता हसता माझ्या पोटावरची किमोनोच्या कापडी कमरपट्ट्याची भलीमोठी गाठ सुटली. ती बांधायला आजींनी कायम बाहीत दडवलेला डावा हात पहिल्यांदाच बाहेर काढला. त्याला करंगळी नव्हती. माझं हसू मावळलं. “आजी, मग ही...?” मी पुटपुटले. गाठ आवळत त्या म्हणाल्या, “त्याला पिठाचीच वाटली.”