अकरावा अंगरखा

शाळेच्या गडकिल्ले जत्रेसाठी कोपरीच्या रंभाबाईंनी मावळ्यांचे अंगरखे शिवले. स्वप्ना टीचरनी ते मोजून घेतले.

"काकू, मुलं दहाच आहेत. हा अकरावा कुणाचा?"

"माझ्या लेकाचा, रत्नदीपचा. मागच्या जत्रेच्याच मापाचा गं. तो गेला, आता नवं माप कुणाचं घेऊ? असू दे तिथं, पोरांच्यात."

टीचर तोही बाकीच्यांबरोबर घेऊन गेल्या.

जत्रा संपली, अंगरखे धुवायला परत आले. दहा मातीने मळलेले होते. अकराव्याची घडीही मोडलेली नव्हती. रंभाबाईंनी ती उलगडली. गळा घामाने ओला होता आणि दोन्ही खांद्यांची शिवण उसवली होती.

"वर्षभरात एवढा वाढलास होय रे?" असं म्हणत त्या वाढत्या अंगासाठी आत राखलेलं कापड सोडू लागल्या.