टेबलावरची जपानी विनाशिका

शारीकने आज पिकअप मुद्दाम दोन गल्ल्या अलीकडे लावली. ती इतकी खडखडते की सौदीतल्या त्या सगळ्या कतीफ शहराला तो घरी आल्याचं कळावं. ती खाली थांबली की वरच्या खिडकीतून येणारं बायकोचं हसणं-बोलणं एकदम बंद होतं. तो दार उघडेपर्यंत नबीलाचा फोन टेबलावर उलटा पडलेला असतो. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून तो जिना चढला.

त्याने दार हळूच उघडलं. टेबलावर नबीला महिनाभर जोडत असलेली जपानी विनाशिका, म्हणजे युद्धनौकेची प्रतिकृती होती, प्लास्टिकची, हातभर लांब. पुढे क्षेपणास्त्र सोडायचा एकच यांत्रिक हात. मागे हेलिकॉप्टर उतरायला जागा, पण ठेवायला खोली नाही. खरी बोट उतारवयात नव्या खलाशांना शिकवायला लावली आणि आता मोडीत निघाली. ही सगळी कुंडली शारीकला जेवताना ऐकून ऐकून पाठ झाली होती. तिला हे जपानहून फोनवर सांगणारा, त्याच बोटीवर नोकरी केलेला कोणी म्हातारा इशिदा. शारीक त्याच्यावर जळत होता. आपल्याशी ही मीठ-मसाल्यापुरतं बोलते, आणि या म्हाताऱ्याशी तासन्‌तास हसते.

नबीला आत मगरीबची, सूर्यास्तानंतरची नमाज पढत होती. रंगाच्या बाटल्यांना टेकून फोन उभा होता आणि त्यात म्हातारा दिसत होता. तिकडे जपानात झोपायची वेळ टळून गेलेली, तरी हा तिच्यासाठी ताटकळत बसलेला. शारीकच्या डोक्यात तिडीक गेली. खुर्ची ओढून तो फोनसमोर बसला.

"मी तिचा नवरा," तो इंग्रजीत म्हणाला. "बोटीचंच बोलता ना? मग मी आलो की ती फोन का ठेवते?"

म्हातारा गडबडला. मग त्याने कमरेतून वाकून नमस्कार केला.

"आज तुमची गाडी ऐकू आली नाही," तो तुटक इंग्रजीत म्हणाला. "फोन ती नाही ठेवत. मी ठेवतो."

"का?"

"माझी उभी हयात त्या बोटीवर गेली. मी घरी आलो की बायको दारातच विचारायची, या वेळी किती दिवस? मला तुमचा हेवा वाटतो. जास्त वेळ बघवत नाही."

"काय बघवत नाही?"

"तुमची गाडी खाली थांबते, तेव्हाचा तिचा चेहरा," म्हातारा म्हणाला. "तुम्ही तो कधी पाहिला नसणार. तेव्हा तुम्ही जिन्यात असता."