विरूपाक्षाची आडवी सायकल

बसा, डायवरसाहेब. टँकर रिता व्हायला येळ हाय, आन ह्या नव्या जिल्ह्यात तुम्ही बी नवे. तवर एक सायकलीची गोष्ट सांगतो. नीट ऐका, तुमच्या कामाची हाय.

मलप्पा विरूपाक्षापायी पार टेकीला आला होता.

दोघं लंगोटीयार, दोघं एकाच डाळमिलला. रोज सकाळी गंजगोलाईच्या गोल बाजाराला वळसा घालून दोघांच्या सायकली निघायच्या. मलप्पाची सायकल म्हंजी देवाची पालखी, सावकाश आन सरळ. गडी बी तसाच सरळ. तोलात चूक झाली तर कुणी इचारायच्या आधी सोता जाऊन मालकाला सांगणारा. पोटात गोष्ट ऱ्हायची न्हाई त्याच्या.

विरूपाक्षाची सायकल म्हंजी उधळलेलं वासरू.

लातूर जिल्हा झाला तशा रस्त्यावर सरकारी जीपा वाढल्या. पाऊस न्हाई, म्हणून वर टँकर. आन हा बाबा टँकरच्या नाकाम्होरं सायकल आडवी घालायचा. एक हात हँडलवर, एक हवेत. डायवर शिव्या घालायचे, हा दात काढायचा. वर चालता चालता मान पार माघारी वळवून मलप्पाशी बोलायचा. मलप्पा म्हणायचा, आरं म्होरं बघून बोल की. पर ऐकतो कोण.

घंटी तर वाजवायचाच न्हाई. अंगठा आपला उगं घंटीवर चाळा करायचा. मलप्पानं नवी घंटी आणून सोताच्या हातानं बसवून दिली, तरी तेच. मलप्पाला लई वाईट वाटायचं. इतकी सालं सायकल हाणतो, पर माझ्यामागं कुणी कधी हॉर्न मारला न्हाई, असं त्यो चारचौघांत सांगायचा.

मिलमधी मलप्पा मोठ्या चक्कीवर. त्याच्या आधी तिथं गुंडप्पा होता. मालकानं एके दिवशी गुंडप्पाला घरी बसवलं, आता त्यो देवळाच्या पायरीवर बसून असतो. चक्कीवर पट्टे आन चाळण्या सुरू झाल्या का बाजूच्याचं बोलणं कळत न्हाई. माणसं व्हटाकडं बघून, हातवारे करून बोलत्यात. ती सवय घरापतुर येती. मलप्पाची बायको नीलम्मा सुदिक त्याच्याम्होरं येऊनच बोलायची.

त्या साली गावच कसं गप झालं होतं. पाखरं उडून गेली, हिरीवरच्या मोटारी बंद पडल्या. मलप्पाला वाटायचं, दुष्काळानं सगळ्यांचाच घसा वाळला.

विरूपाक्षाला त्यानं किती परीनं सांगून बघितलं. गोडीनं सांगितलं, दोन दिस बोलणं टाकलं. त्याच्या बायकोला, शिवकन्येला बी सांगून बघितलं. ती म्हणली, भावजी, त्यांचं त्यांस्नी कळतंय. आन संग आलेल्या नीलम्माकडं बघत राहिली.

मंग व्हायचं तेच झालं. गोलाईच्या वळणावर विरूपाक्षानं सायकल आडवी घातली आन एका जीपचा धक्का बसून खाली आला. मलप्पानं वळून बघितलं तर जीप सोताच्याच मागच्या चाकाला टेकून उभी. विरूपाक्षाच्या नडगीतून रगत. डायवर उतरला त्यो मलप्पाच्याच अंगावर आला. मलप्पानं मान खाली घातली. दोस्तापायी हे बी कपाळात होतं.

सांजच्याला मलप्पा आन नीलम्मा विरूपाक्षाच्या घरी गेले. विरूपाक्ष पायाला हळद बांधून भिंतीला टेकला होता.

"कामून करून राहिलास असं?" मलप्पा म्हणला. "पोरीचं लगीन व्हायचंय तुझ्या."

"माझ्यासाठी नको जीव जाळू."

"डोळ्याम्होरं मरशील तवा मी काय करू?"

विरूपाक्षानं बांधलेला पाय जवळ वढला. मंग म्हणला, "एक कर. तू सायकल सोड. दोघं पायी जाऊ मिलला."

"वा रं वा. गुन्हा तुझा आन पायपीट मला? मी तर सरळ चालवतो."

"हाव," विरूपाक्ष म्हणला. "तू लई सरळ चालवतोस."

त्यो हसाय गेला, पर हसू आलं न्हाई. थकला होता गडी.

तवा मलप्पानं शेवटचं काढलं. म्हणला, गळ्यातल्या लिंगाला हात लाव. आता लिंगाची शप्पथ म्हंजी आमच्या लिंगायतात शेवटचा शब्द. जीव गेला तरी ती मोडता येत न्हाई.

"शप्पथ घे. आजपासून माझ्या म्होरं येणार न्हाई, सायकल आडवी घालणार न्हाई. माझ्या मागं, कडंकडंनं चालशील."

विरूपाक्षाचं तोंड उघडलं. मलप्पाच्या पाठीमागं नीलम्मा उभी होती. तिनं नुसती मान हालवली, नको म्हणून. विरूपाक्षाचं तोंड मिटलं. त्यानं गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठिवला.

मलप्पा त्या राती कैक दिसांनी निवांत झोपला.

पाय बरा झाला तवापासून विरूपाक्ष शब्द पाळून राहिला. मलप्पा म्होरं, त्यो मागं, कडंकडंनं. लोक बी म्हणत्यात, बरा सुधारला. पर मिलला पोचला का त्यो भिंतीला धरून उभा ऱ्हातो. अंगरखा घामानं भिजलेला, तोंडाला रंग न्हाई. मलप्पा म्हणतो, सवय न्हाई शिस्तीची, होईल हळूहळू.

झाला बघा तुमचा टँकर रिता. आता एवढं करा, डायवरसाहेब. गोलाईच्या वळणावर एक गडी रस्त्याच्या मधून सरळ सायकल हाणताना दिसंल. त्याच्या मागं कडंनं दुसरा, घंटीवरचा अंगठा न काढता खणखण वाजवणारा. तिथं हॉर्न मारू नका, ब्रेक मारा. मलप्पाचे कान गुंडप्पावाणीच गेल्यात. मालकाला त्याचा पत्ता न्हाई, खुद्द मलप्पाला बी न्हाई; कळलं तर त्यो सोता जाऊन मालकाला सांगंल आन गुंडप्पासारखा घरी बसंल, तवा तुमच्या तोंडून कळू देऊ नका.